भाऊ परदेशी तुरुंगात, लेकरू आपल्या अंगणात

लातूर जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यातला मजकूर थोडक्यात असा:

धाकटा भाऊ अमेरिकेत इंजिनिअर. तिथल्या कोर्टात घटस्फोट झाला आणि सहा वर्षांच्या मुलाचा ताबा आई-वडील दोघांत वाटून दिला गेला. दिवाळीत कोर्टाच्या परवानगीनं भाऊ मुलाला चार आठवड्यांसाठी गावी घेऊन आला. मुदत संपली तेव्हा मुलाला आजी-आजोबांजवळ ठेवून एकटाच परत गेला. विमानतळावरच त्याला अटक झाली. मित्रांनी जामिनाचे पैसे भरले तरी सुटका नाही. मूल परत येईपर्यंत आतच राहायचं, असा कौटुंबिक कोर्टाचा हुकूम आहे. इकडे दादा, म्हणजे वडील, नातवाला सोडायला तयार नाहीत. पोरगं इथं आहे तोवर सून कधीतरी नमेल आणि केस मागं घेईल, असं त्यांचं म्हणणं. नात्यातल्या एका वकिलांनी सांगितलंय की बाप नैसर्गिक पालक असतो, अमेरिकेचा हुकूम इथं चालत नाही. आमदारांनी दिल्लीला पत्र दिलंय. ओळखीतला एक जण ‘तिकडच्या वकिलाशी आपलं बोलणं आहे’ म्हणून पंधरा लाख मागतोय आणि त्यासाठी दोन एकर विकायला काढलंय. ताई विचारतात, भावाला सोडवायला दिल्लीत कुणाला भेटावं? जमीन विकावी का? आणि शेवटी एक वाक्य: ‘लेकरू रात्री आईला मागतं तेव्हा वाटतं, पाठवून द्यावं. पण हे घरात बोलले तर मी भावाची वैरीण ठरेन.’

ताई,

तुम्ही वैरीण नाही. घरातल्या सगळ्यांत भावाच्या सुटकेच्या सर्वांत जवळ तुम्हीच पोचला आहात. ते कसं, हे सांगण्याआधी जामिनाचा गुंता सोडवू, कारण सगळ्या घराची गफलत तिथं झाली आहे.

तुमच्या भावावर दोन वेगळी प्रकरणं चालू आहेत. एक फौजदारी. ताब्याचा हुकूम मोडून मूल दुसऱ्या पालकापासून दूर ठेवणं हा तिकडच्या बहुतेक राज्यांत गुन्हा आहे. शिवाय १९९३ पासून तिथं केंद्राचा कायदा आहे. १६ वर्षांखालचं मूल दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून देशाबाहेर नेलं किंवा बाहेरच ठेवलं, तर त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानगीनं आणलं होतं, हा बचाव इथं पुरत नाही. मुदतीनंतर ठेवून घेणंही त्यात येतं. जामीन झाला तो या फौजदारी बाजूला.

दुसरं प्रकरण कोर्टाच्या अवमानाचं, आणि भाऊ आज आत आहे तो त्यामुळे. तो तुरुंग शिक्षा म्हणून दिलेला नाही, हुकूम पाळायला लावण्यासाठी दिलेला आहे. हुकूम पाळा आणि घरी जा, इतकंच न्यायाधीश म्हणताहेत. अशा कैद्याच्या तुरुंगाची किल्ली त्याच्याच खिशात असते, असं तिकडचे वकील म्हणतात. तुमच्याकडे मात्र ती किल्ली भावाच्या खिशात नाही. ती लातूर जिल्ह्यात आहे आणि तिचं काय करायचं ते दादा ठरवताहेत. आत बसलाय मुलगा आणि हट्ट चाललाय बापाचा, हे घरात एकदा कुणीतरी मोठ्यानं बोलायला हवं.

आता ‘सून केस मागं घेईल’ याविषयी. आपल्याकडे दोन्हीकडची चार माणसं बसली, तडजोड झाली की पोलीस ठाण्यातलं प्रकरण मिटतं, असं आपण पाहत आलो आहोत. तिकडे गुन्हा नोंदवला की तो सरकारचा होतो. चालवायचा की सोडायचा, ते सरकारी वकील ठरवतो. मुलाची आई त्यात फक्त साक्षीदार. तिनं उद्या मन मोठं केलं तरी खटला आपोआप थांबत नाही आणि अवमानाचा हुकूमही उठत नाही. उलट पोराला अडवून तिला नमवायचं हे दादांचं बोलणं सरकारी वकिलाच्या हाती लागलं, तर भावानं हे ठरवून केलं असं दाखवायला त्याला दुसरा पुरावा शोधावा लागणार नाही.

आणि ते हाती लागू शकतं. तुरुंगातून येणाऱ्या फोनवर आधीच सांगतात की बोलणं ध्वनिमुद्रित होतंय. वकिलाशी होणारं बोलणं तेवढं त्यातून वगळलेलं असतं. आपण मराठीत बोलतोय, कुणाला काय कळणार, असं समजू नका. दुभाषे तिकडेही आहेत. भावाशी फोनवर तब्येत, जेवण, औषधं, घरची खुशाली एवढंच बोला. केसविषयी, पोराविषयी, सुनेविषयी एक शब्द नको. दादांनी फोन घेतला आणि रागाच्या भरात ‘तू कितीही दिवस राहा, पोरगं जात नाही’ म्हणाले, तर त्याची किंमत भाऊ मोजेल. भावाला आधीच्या पत्नीशी संपर्क करायची मनाई असेल, तर तुमच्यामार्फत पाठवलेला निरोपसुद्धा त्या मनाईचा भंग ठरू शकतो. म्हणून सुनेला तुम्ही परस्पर फोन, मेसेज करू नका. मध्यस्थीसाठी सोयऱ्यांकडे माणसं पाठवायची असतील तरी आधी भावाच्या वकिलाला विचारा.

दिल्लीत कुणाला भेटावं, या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: दिल्लीला जाऊ नका. परदेशात पकडलेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी संपर्क साधायचा हक्क आहे. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमात तो आहे. वकिलातीचे अधिकारी तुरुंगात जाऊन भेटू शकतात, नीट वागवतात का ते पाहू शकतात, वकील मिळवून द्यायला मदत करू शकतात. दुसऱ्या देशाच्या कोर्टातून माणूस सोडवून मात्र ते आणू शकत नाहीत. आपल्याच महाराष्ट्रातल्या कुलभूषण जाधवांचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. १७ जुलै २०१९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पाकिस्ताननं हेच कलम मोडल्याचा निकाल दिला, पण त्या निकालानं जाधवांची सुटका झाली नाही. तसा आदेश न्यायालयानं दिलाच नव्हता. या कलमातून भेट मिळते, सुटका मिळत नाही. एवढं ध्यानात ठेवलं की आमदारांच्या पत्राकडून किती अपेक्षा करायची तेही कळतं.

परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ नावाचं पोर्टल आहे, २०१५ पासून. परदेशात तुरुंगात असलेल्यांसाठी त्यावर तक्रार नोंदवता येते आणि ती थेट त्या भागाच्या वकिलातीकडे जाते. तुम्ही शाळेची ऑनलाइन माहिती भरता तसंच हे काम आहे, एजंट लागत नाही. भावाचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, अटकेची तारीख, तुरुंगाचं नाव, तिथला कैदी क्रमांक, दोन्ही प्रकरणांचे क्रमांक आणि पुढची तारीख जवळ ठेवून बसा. तुरुंगाचं नाव आणि कैदी क्रमांक बहुतेक ठिकाणी तिथल्या तुरुंगाच्या संकेतस्थळावर नावानं शोधला तर सापडतो. आमदार-खासदारांचं पत्र वाया जाऊ द्यायचं नसेल, तर ‘मदद’चा तक्रार क्रमांक घालून ते पुन्हा मागून घ्या. क्रमांक नसलेलं पत्र कोणत्या प्रकरणाचं, हे शोधण्यातच वेळ जातो.

एक गोष्ट इथं आड येऊ शकते. अमेरिकेत भारतीय माणसाला अटक झाली की वकिलातीला कळवायचं की नाही, हे त्या माणसाला विचारलं जातं. लाजेपोटी, गावात कळेल या भीतीनं, पुष्कळ जण ‘नको’ म्हणतात. भावानं तसं केलं असेल तर वकिलातीचे हात बांधलेले राहतील. माझ्या भेटीला वकिलातीचा अधिकारी यावा आणि माझी माहिती बहिणीला द्यावी, असं त्यानं तुरुंगात लेखी द्यायला हवं. हे फोनवर खुशाल सांगा. फी परवडत नसेल तर वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. गरजू माणसाच्या कायदेशीर मदतीसाठी त्यातून खर्च करता येतो. मिळेलच असं नाही, पण अर्ज केल्याशिवाय तर नाहीच मिळणार.

जमिनीचं बोलू. दोन एकर आत्ता विकू नका, आणि त्या ओळखीच्या माणसाला तर एक रुपयाही देऊ नका. तिकडचा वकील स्वतः करार पाठवतो: काम कोणतं, फी किती, तासाचा दर काय, काम कमी झालं तर किती परत. त्यावर भावाची सही लागते, कारण अशील भाऊ आहे. वकिलाचा परवाना खरा आहे का, त्याच्यावर कधी कारवाई झाली का, हे त्या राज्याच्या बारच्या, म्हणजे वकिलांच्या संस्थेच्या, संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. आगाऊ रक्कम सहसा अशिलांच्या पैशांसाठी ठेवलेल्या वेगळ्या ट्रस्ट खात्यात जमा होते, आणि ती तुमच्या बँकेतून, तुमच्या पॅन क्रमांकावर, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पाठवता येते. वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. एवढा सरळ रस्ता असताना मधला माणूस रोख का मागतोय, ते त्यालाच विचारा आणि वकिलाचं नाव, परवाना क्रमांक लिहून मागा. दिला तर पडताळा. टाळाटाळ केली तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

फौजदारी प्रकरणात ऐपत नसलेल्याला तिकडे सरकारी खर्चानं वकील मिळतो, आणि ते वकील पुष्कळदा फार चांगले असतात. अवमानाच्या बाजूला ही सोय सगळीकडे नाही. म्हणजे पैसे घालायचेच तर ते कौटुंबिक कोर्टात काम करणाऱ्या वकिलावर घाला, कारण भाऊ अडकलाय तिथं. तेवढ्यासाठी कदाचित जमीन विकावी लागणारही नाही; करार हाती आल्यावर आकडा पाहून ठरवा. भाऊ व्हिसावर असेल तर गुन्हा कबूल करण्याआधी त्याचा व्हिसावर काय परिणाम होईल, हे वकिलानं त्याला सांगितलंच पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा तसा निकाल आहे. अवमानातून सुटला तरी इमिग्रेशन खातं त्याला थेट ताब्यात घेऊ शकतं, हाही प्रश्न वकिलाला आधीच विचारून ठेवा.

आता लेकराकडे येते.

नात्यातल्या वकिलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पळवून नेलेली मुलं परत करण्याचा १९८० चा हेग करार भारतानं स्वीकारलेला नाही, त्यामुळे अमेरिकेचा हुकूम इथं आपोआप लागू होत नाही. पण राहिलेला अर्धा भाग त्यांनी सांगितला नाही. बाप नैसर्गिक पालक, हे १९५६ च्या कायद्यात आहे. त्याच कायद्यात मुलाचं हित सर्वांत वर, हेही आहे. मुलाची आई मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात, आपल्या छत्रपती संभाजीनगरला, हेबिअस कॉर्पसची, म्हणजे मुलाला कोर्टापुढं हजर करा अशी, याचिका करू शकते. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये नित्या आनंद राघवन प्रकरणात सांगितलं की परदेशी हुकूम ही लक्षात घ्यायची एक बाब, निर्णय मुलाच्या हितावर. त्यानंतर २०१९ आणि २०२० मध्ये त्याच न्यायालयानं मुलांना अमेरिकेत परत नेण्याचे आदेशही दिले. तुमच्या प्रकरणात बाप तुरुंगात, आई तिकडे मोकळी, मूल तिथं वाढलेलं, आणि इथं सांभाळ आजी-आजोबांकडे. हे चित्र न्यायाधीशांपुढे गेलं तर ते काय विचारतील, याचा अंदाज तुम्हालाही येईल. याचिकेच्या भीतीनं मुलाला मावशीकडे, आत्याकडे, पुण्याला हलवायचं कुणी सुचवलं तर साफ नकार द्या. मूल लपवलं की सगळं घर अडचणीत येतं. अमेरिकेचा कायदा तर असं मूल ठेवून घेणाऱ्या नातेवाइकांनाही मूल परत जाईपर्यंत व्हिसा नाकारायची मुभा देतो.

कायद्यापलीकडचं एक लिहिते, रागावू नका. तुम्ही रोज वर्गात सहा वर्षांची मुलं पाहता. एखादं लेकरू सकाळी आईचा हात सोडताना कसं करतं, तुम्हाला सांगायला नको. तुमच्या भाच्याची आई एके दिवशी अचानक दिसेनाशी झाली, पाठोपाठ बापही दिसेनासा झाला, आणि दोघं कुठं गेले हे त्याला कुणी सांगत नाही. आजीनं कितीही जीव लावला तरी ही पोकळी भरत नाही. दादा-माय नातवावर माया करतात यात शंका नाही. पण सून वाईट वागली असेल, नसेल, त्याची फेड त्या पोरानं करायची का? सुनेच्या बाजूनं काय घडलं ते तुमच्या पत्रात नाही, त्यामुळे तिला दोषी किंवा निर्दोष मी ठरवत नाही. ताब्याचा हुकूम अन्यायाचा वाटत असेल तर तो बदलून मागायची जागाही ते कोर्टच आहे, आणि हुकूम मोडून बसलेल्याचं म्हणणं तिथं कुणी मनापासून ऐकत नाही.

म्हणून वकील ठरला की पहिलं काम हे करा: मुलाचं आणि आईचं रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ बोलणं सुरू करायचं आहे, असं वकिलामार्फत कळवा. त्या बोलण्यात घरच्या मोठ्यांनी मागून सूचना द्यायच्या नाहीत, पोराच्या तोंडून काही वदवून घ्यायचं नाही. त्याचं शाळेचं, दवाखान्याचं, लसीचं कागदपत्र एका फाइलला लावा. त्याचा अमेरिकन पासपोर्ट कधी संपतो ते पाहा. १६ वर्षांखालच्या मुलांचा तो पाचच वर्षांचा असतो आणि नवा काढायला सहसा दोन्ही पालकांची संमती लागते.

पाठवायचं ठरलं तरी ओळखीच्या प्रवाशाच्या हाती पोरगं सोपवू नका. कोण न्यायला येणार, कुठं सोपवायचं, कोणत्या तारखेला, सोपवल्याबरोबर अवमानाचा तुरुंग संपणार का, पुढं बापाची भेट कशी होणार, आजी-आजोबांचं फोनवर बोलणं आठवड्याला किती वेळा, हे सगळं दोन्ही वकिलांनी लिहून तिथल्या कोर्टापुढं ठेवायचं. आई इथं येणार असेल तर तिला सुरक्षित वाटेल अशी जागा हवी. औरंगाबाद खंडपीठातली मध्यस्थीची व्यवस्था त्यासाठी चालू शकते. इथल्या बाजूनं कागद पाहायला लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो; हेल्पलाइन १५१०० आहे. आणि स्पष्ट सांगते, मूल परत गेल्यानं फौजदारी खटला संपेलच असं कुणी वचन देत असेल तर विश्वास ठेवू नका. पण शिक्षा ठरवताना न्यायाधीश आणि गुन्हा कबूल करण्याच्या बदल्यात शिक्षा कमी करण्याचा सौदा करताना सरकारी वकील, दोघंही पहिल्यांदा विचारतात ते हेच, की मूल आईला परत मिळालं का.

अशाच अडचणीतल्या आणखी काही वाचकांसाठी दोन गोष्टी. तुरुंगात असलेली व्यक्ती मारहाणीतून मूल घेऊन निघालेली बाई असेल, तर वरचं सगळं तसंच लागू होत नाही. कौटुंबिक हिंसाचारातून पळून येणं हा त्या १९९३ च्या कायद्यातही बचाव आहे. दवाखान्याचे कागद, पोलिसांना केलेले फोन, मेसेज, शेजाऱ्यांचे जबाब आधी जमवा, आणि राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीय कक्षाला लिहा. दुसरं, उरलेली शिक्षा भारतात भोगायची सोय २००३ च्या कायद्यानं आहे. पण ती शिक्षा पक्की झालेल्यांसाठी, साधारण सहा महिने तरी बाकी असताना, दोन्ही देशांच्या आणि कैद्याच्या संमतीनं. खटला चालू असलेल्याला किंवा अवमानात बसवलेल्याला तिचा उपयोग नाही. ‘बदली करून आणतो’ म्हणणाऱ्या एजंटांपासून लांब राहा.

राहता राहिले दादा. त्यांच्याशी आज भांडू नका. अमेरिकेच्या कोर्टाचा हुकूम मित्रांकडून मागवून घ्या आणि तुमच्या हातानं मराठीत उतरवून त्यांना वाचून दाखवा. बहुतेक घरांत असा कागद कुणी वाचलेलाच नसतो, सगळे एकमेकांकडून ऐकलेलं बोलत असतात. तुमच्या अख्ख्या पत्रात आणखी एक गोष्ट मला सापडली नाही: मुलाचं काय करायचं, हे भावाला कुणी विचारलं का? तो गेला तेव्हा मनात काय होतं ते राहू द्या. आज, आत बसून, त्याला काय हवं आहे? हे फोनवर विचारू नका. वकिलाला भेटीत विचारायला सांगा आणि उत्तर भावाच्या हस्ताक्षरात मागवा. ते पत्र मायला आणि दादांना एकत्र बसवून दाखवा, भावकीतल्या बाकी कुणाला त्या बैठकीला बोलावू नका. पत्र येईपर्यंत जमिनीचा व्यवहार आणि पंधरा लाखांचं बोलणं, दोन्ही थांबवून ठेवा.